कापलेल्या भागाचे काय?

मोबाइल हाती आल्यापासून आमच्या बाजारहत्नूरमध्ये घरटी एक कॅमेरावाला तयार झाला आहे. बारसे, लग्न, दिवाळीतली दंडारी, मोरपिसांचे टोप घालून नाचणारे गुसाडी, सगळ्यांचा व्हिडिओ होतो. नवशिक्या पोरांना मी तीनच गोष्टी सांगतो. काय दाखवायचे ते आधी कागदावर लिहून काढा. मग तेच दृश्य दुरून, मध्यावरून आणि जवळून घ्या, आणि प्रत्येक वेळी किमान १० सेकंद हात हलवू नका. शेवटी संकलन करा. पहिल्या दोन गोष्टी सरावाने येतात. तिसरी मात्र केवळ कसबाची नाही, नीतीचीही आहे. तासाभराच्या चित्रणातून १० मिनिटे ठेवताना ५० मिनिटे आपण टाकून देतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कापणे म्हणजे खोटे बोलणे, असे मात्र मी मानत नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. महिन्याहून अधिक काळ ते रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले आणि पडद्यावर पाहता पाहता बीचे रोप झाले. मधला बहुतेक सगळा वेळ गळला, तरी रोप खोटे ठरले नाही. वाढीचा क्रम होता तसाच राहिला. उलट, रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव याने १९२० च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना एकीकडे भूक दिसली, दुसरीकडे दुःख, असे सांगतात. चेहरा तसूभरही बदलला नव्हता. बदलला होता तो शेजार.

म्हणजे प्रश्न किती कापले हा नाही. जे उरले त्यात माणूस तोच राहिला का, हा आहे.

आपल्या भागात तर हा प्रश्न घरातलाच आहे. आमच्याकडची म्हातारी माणसे मराठीत बोलू लागतात, बाजारातला हिशेब तेलुगूत सांगतात आणि मध्येच एखादा गोंडी शब्द येऊन जातो. नातू त्यांच्या आठवणी चित्रित करतो. नांदेडच्या पाहुण्यांना कळावे म्हणून तेलुगू वाक्ये काढतो, हैदराबादला पाठवायचे असले की मराठी काढतो. एकही शब्द खोटा नसतो, तरी पडद्यावरची आजी आपली आजी राहत नाही. १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत. ती रेघ नकाशावर पडली; चुलीपाशी बसलेल्या माणसांच्या बोलण्यात पडली नाही. मग ती आपण आपल्या हाताने का ओढावी?

कोणी म्हणेल, पाहणाऱ्याला कळलेच नाही तर ठेवून उपयोग काय? शंका रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय कापणे हा नाही. पडद्याखाली भाषांतराच्या ओळी द्याव्यात. छोट्या व्हिडिओला संध्याकाळभराचे काम पुरते. खोकला, तेच ते बोलणे, ताटकळण्याचा वेळ खुशाल काढावा. आजी म्हणाली, “ते भांडणाचं काढून टाक रे बाबा,” तर तेही काढावे, कारण आयुष्य तिचे आहे. पण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडू नये, आणि तयार झालेला व्हिडिओ गावभर पाठवण्याआधी तिला दाखवावा. “हो, मी असंच म्हणाले होते,” असे ती म्हणाली की आपल्याला तो अधिकार मिळाला.

शिवाय मूळ चित्रण पुसू नये, वेगळे जपून ठेवावे. आज आपल्याला जे निरर्थक वाटले, त्यातच उद्या नातवंडांना आजीचा खरा आवाज सापडेल.