शंकासमाधान : दुःखाचा हेतू कोणी सांगायचा?

प्रश्न : माझ्या यजमानांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नळीने भरवावे लागते, दर दोन तासांनी कूस पालटावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मंडळीतल्या भगिनी बुधवारी प्रार्थनेला येतात. एक म्हणतात, घरात काही पाप लपले असेल तर कबूल करा. दुसऱ्या म्हणतात, यात देवाचा हेतू आहे, त्याचे आभार माना. मला आभार मानवत नाहीत. रात्री तिसऱ्यांदा उठताना मी देवाशी भांडते. माझा विश्वास कमी पडतो का? आणि हेतू असलाच, तर तो मला का दिसत नाही?

उत्तर : आधी पापाचा मुद्दा निकालात काढू. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे ठार झाली, तीही इतरांहून अधिक पापी नव्हती असे त्याने बजावले. एवढे स्पष्ट असूनही आपल्या प्रार्थनासभांत हे पुन्हा पुन्हा निघते, याचे मला नवल वाटते. त्या भगिनींना योहानाचा नववा अध्याय मोठ्याने वाचायला सांगा.

हेतूचे प्रकरण मात्र अवघड आहे. मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. तोंड उघडले आणि सगळे बिघडले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ज्याला ते पापी ठरवत होते, त्यानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असे ठरले. आणखी एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पहिल्या दोन अध्यायांतली स्वर्गातली बोलणी वाचकाला ठाऊक असतात, ईयोबाला ती शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. अडतिसाव्या अध्यायापासून देव बोलू लागतो तो पृथ्वीच्या पायाविषयी, हिमाच्या भांडारांविषयी, रानगाढवाविषयी, शहामृगाविषयी. तुझी मुले का गेली, याविषयी अवाक्षर नाही. तेव्हा ताई, हेतू दिसत नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. ईयोबालाही दिसला नाही.

हेतू म्हटले की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण त्यांनी काही महिन्यांत गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमाचे काम त्यातून वाढले. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण केडगाव उभे राहावे म्हणून देवाने त्यांच्या आईला उपाशी मारले, असा हिशेब कोणी मांडू लागला तर मी ती ख्रिस्ती शिकवण मानणार नाही. जे सोसले ते वाया गेले नाही, एवढेच म्हणता येते, आणि तेसुद्धा वीसेक वर्षांनी मागे वळून पाहताना. आई गेली त्या दिवशी त्या सोळा वर्षांच्या मुलीला हे ऐकवणारा माणूस निर्दयच म्हणावा लागला असता. शिवाय प्रत्येक दुःखाला असे फळ येतेच असेही नाही. एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये गेली. त्या मृत्यूतून काही नवे उभे राहिल्याचे दिसत नाही. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तुम्हाला ऐकवला गेला असेलच. देव सर्व गोष्टींतून कल्याण घडवतो, असा पौलाचा विश्वास आहे. पण जे जे घडते ते चांगलेच असते, असे तो कुठे म्हणत नाही. आणि फटके, तुरुंग, उपासमार अंगावर घेतलेला माणूस हे लिहितो आहे. बुधवारी तासभर येऊन घरी परतणाऱ्याने ते लिहिलेले नाही.

राहिले भांडण. भांडा. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. 88 वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते कोणी शास्त्रातून काढून टाकले नाही. प्याला टळावा म्हणून गेथशेमानेत येशूनेही विनवणी केलीच. ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याच्याशी रात्री तीन वाजता कोण भांडत बसेल?

आता कामाचे. पुढच्या बुधवारी सभा आटोपल्यावर दोघींना थांबवून घ्या. कूस कशी पालटायची, नळीतून किती आणि कसे द्यायचे, ते त्यांना दाखवा आणि सकाळपर्यंत झोपा. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात आहे. ते त्यांना पाठ असणार. सांगायला संकोच वाटत असेल तर हा अंकच त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : आमच्याकडे प्रार्थनेला येणारे एक बंधू म्हणतात, बरे होण्याचा विश्वास असेल तर मधुमेहाच्या गोळ्या बंद करा. काय करावे?

उत्तर : गोळ्या चालू ठेवा. त्यात फेरबदल करायचा तो डॉक्टरांनी. लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्रफिमाला तर आजारी असताना मिलेतात मागे ठेवून त्याला पुढे जावे लागले. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही तीनदा विनवून निघाला नाही. या बंधूंचा विश्वास पौलापेक्षा मोठा असेल तर आनंदच आहे, पण त्याची परीक्षा तुमच्या साखरेवर नको.

प्रश्न : माझे पती मारतात. सासूबाई म्हणतात, प्रत्येकाला आपला क्रूस वाहावाच लागतो, सोसल्याने आत्मा शुद्ध होतो. मी सोसावे का?

उत्तर : नाही. येशूने क्रूस आपण होऊन उचलला. तुमच्यावर नवऱ्याचा हात उगारला जातो. दोन्हींना एकच नाव देणे हा क्रूसाचा अपमान आहे. नासरेथकरांनी येशूला कड्यावरून लोटायला नेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. दिमिष्कात पौलाला पाटीत बसवून भिंतीवरून उतरवले आणि त्याने जीव वाचवला. यरुशलेमेत चाबूक उगारला गेला तेव्हा रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून त्याने तो थांबवला. हक्क सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे. तुम्हालाही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. पाळकसाहेबांना जरूर सांगा, पण त्यांनी समजूत घालून त्याच घरी परत पाठवले तर त्यांचे ऐकण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आधी आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि मुलांचे दाखले माहेरी किंवा विश्वासातल्या एखाद्या घरी नेऊन ठेवा.