पाऊस कसा आहे?

पुणे-मिरज लोहमार्ग एकेरी होता तेव्हाची गोष्ट. घाटातल्या दोन लगतच्या स्टेशनांवर दोन मास्तर होते. आपण त्यांना खालचे मास्तर आणि वरचे मास्तर म्हणू. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या, म्हणून सगळा कारभार एका पोलादी गोळ्यावर चालायचा. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. आणि यंत्राची रचनाच अशी, की खालच्या मास्तरांना गोळा काढायचा तर वरच्यांनी त्याच वेळी आपल्या यंत्राचा दट्ट्या दाबून धरायला हवा. एकट्याच्या हातात काहीच नाही.

बोलायची भाषाही ठरलेली. घंटेचा एक ठोका म्हणजे फोन घ्या. दोन ठोके म्हणजे लाइन मोकळी आहे का. तीन म्हणजे गाडी निघाली, चार म्हणजे पोचली. फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा एक आकडा, द्यायचा आणि कागदावरच्या त्या आकड्यावर काट मारायची, म्हणजे तो पुन्हा वापरला जाऊ नये. एवढं झालं की नियमाप्रमाणे काम संपलं.

खालच्या मास्तरांचं मात्र तिथे संपत नसे. नंबर लिहून झाला की फोन ठेवण्याआधी ते विचारायचे, "वर पाऊस कसा आहे?" पावसाळा सरला की थंडीचं विचारायचे, मग उन्हाचं. वरचे मास्तर सोलापूरकडचे, मितभाषी. सुरुवातीला "बरा आहे" एवढंच म्हणायचे. हळूहळू फलाटावर शिरलेल्या पाण्याचं सांगू लागले, मग पहिलीत गेलेल्या मुलीचं, मग गावाकडे एकटीच राहणाऱ्या आईचं. प्रत्यक्ष भेट जवळजवळ नाहीच. एक यंत्रासमोर असला की दुसऱ्यालाही असावंच लागे, मग भेटणार कधी?

श्रावणातल्या एका रात्री मालगाडीसाठी लाइन मागितली गेली. ठोके बरोबर, नंबर बरोबर. खालच्यांनी नेहमीप्रमाणे पाऊस विचारला.

"आहे."

खालच्या मास्तरांनी फोन खाली ठेवला नाही. "मास्तर, काय झालं?"

पलीकडे नुसता पावसाचा आवाज. मग उत्तर आलं. संध्याकाळी गावाहून निरोप आला होता, आई अत्यवस्थ आहे.

"आणि तुम्ही अजून खुर्चीत?"

"बदली माणूस नाही. कुणाला सांगायचं, मास्तर?"

खालच्यांनी लगेच पुण्याच्या कंट्रोलला फोन लावला. कंट्रोलरही त्यांच्यासाठी एक आवाजच, पण वर्षानुवर्षांचा ओळखीचा. त्याने दोन-तीन ठिकाणी विचारून एक बदली मास्तर मिळवला आणि मागून येणाऱ्या गाडीच्या गार्डाच्या डब्यात बसवून दिला. ती गाडी खालच्या स्टेशनावर थांबली तेव्हा मास्तरांनी आपला जेवणाचा डबा गार्डाच्या हाती दिला. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. "वर पोचवा. त्यांना म्हणावं, वाटेत खा." पहाटे वरचे मास्तर गावाकडे निघाले. आईची भेट झाली. तिने शेवटचं पाणी मुलाच्या हातून घेतलं.

खालचे मास्तर निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. त्यांची नात पुण्याच्या एका कंपनीत. 2020 मध्ये टाळेबंदी लागली तशी ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि पुढे घरूनच काम करत राहिली. तिच्या हाताखालची मंडळी नागपूर, कोची, गुरुग्राम अशी पांगलेली. रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक, कॅमेरे बंद, प्रत्येकाला तीन प्रश्न: काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण? अडचण कुणालाच नसायची. शुक्रवारी कंपनी ऑनलाइन खेळ ठेवायची. खेळांना माझा विरोध नाही, माणसं चार घटका हसतात तेही हवंच. पण ज्याच्या मनावर ओझं आहे तो अशा घोळक्यात सगळ्यात गप्प असतो, आणि त्याचं गप्प असणं ओळखायला रोजची ओळख लागते. ती ठरवलेल्या तासाभरात होत नाही.

आजोबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. एके दिवशी बैठक संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो नागपूरचा मुलगा बरा आहे ना गं?"

"हो, का? कामं वेळेवर देतोय."

"आधी 'झालं ना जी' म्हणायचा. आठवडाभर नुसतं 'झालं' म्हणतोय."

नातीला ते जाणवलंच नव्हतं. तिने बैठकीचं आमंत्रण वगैरे न पाठवता सरळ त्याला फोन लावला. कामाचं दोन मिनिटांत संपलं. पुढे काय बोलावं सुचेना, तेव्हा आजोबांचंच तिच्या तोंडी आलं. "नागपुरात ऊन कसं आहे रे?"

"माहीत नाही ताई. मी आठ दिवस दवाखान्यातच आहे."

वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. हा कॉरिडॉरमधल्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत होता.

"अरे, मग सांगितलं का नाहीस? रोज तर विचारते, अडचण आहे का म्हणून."

"ते तर कामाचं विचारता ना जी," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

त्याला रजा देऊन तिने कोचीच्या सहकारिणीला फोन केला, त्याचं निम्मं काम घेशील का म्हणून. ती लगेच हो म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या वडिलांचं हेच ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. तेव्हा मी रोज सकाळी 'अडचण नाही' म्हणत होते."

"आता कसे आहेत ते?" नातीने विचारलं. कामाची वाटणी त्यानंतर अर्ध्या तासाने झाली. तोवर कोचीची मुलगी वडिलांबद्दलच बोलत होती, आणि नागपूरच्या मुलाला पथ्यपाण्याचं काय काय सांगायला हवं, याची यादीही तिने तेवढ्यात करून टाकली होती.