निश्चल देह आणि आचारधर्म

अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण ही साधकाच्या आचाराची प्रमुख अंगे होत. यांपैकी पहिली तिन्ही पायांच्या आधाराने घडतात. तेव्हा ज्याचे पायच निश्चल झाले, त्याचा आचार कोणता? झाडावरून पडून किंवा रस्त्यावरील अपघाताने पाठीचा कणा मोडतो आणि मनुष्य त्यानंतर पुष्कळ वर्षे जगतो. असा मनुष्य उपदेशी असेल, वासनिक असेल, अनुसरलेलाही असेल. म्हणून हा प्रश्न केवळ तर्काचा नाही.

कण्याच्या पोकळीतून सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा मज्जारज्जू जातो. त्याला पूर्ण इजा झाली की त्या स्थानाखालील हालचाल आणि संवेदना दोन्ही थांबतात. इजा मानेपाशी असेल तर हातपाय, पाठीत असेल तर पाय जातात. मलमूत्राचे नियमनही बहुधा हाती राहत नाही. त्वचेला दुखणे कळत नसल्यामुळे अंथरुणावरील देहाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते; अन्यथा दाबाच्या जागी व्रण पडतो, आणि तो जिवावरही बेततो.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिसर देशातील एका वैद्यकग्रंथाने अशा इजेची गणना उपचार करू नये अशा व्याधींत केली आहे. हा निर्णय विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच राहिला. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कूस बदलणे, मूत्रमार्गाची निगा, व्यायाम आणि उद्योग यांवर भर देऊन तो मोडून काढला. १९४८ साली तेथेच चाकांच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय अधू झालेले महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. तुटलेला मज्जारज्जू सांधण्याची विद्या गुटमन यांच्यापाशी नव्हती, आजही ती हाती आलेली नाही. बदलली ती भोवतालच्या मनुष्यांची बुद्धी. असाध्य म्हणजे उपेक्षणीय नव्हे, एवढेच त्यांना कळले.

यावर कोणी म्हणेल की, हे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ. त्यात इतरांनी काय करावे? कर्मफळ आहे, हे शास्त्राला मान्यच आहे. परंतु कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे जाणणे अविद्यायुक्त जीवाच्या अधिकारातले नाही. ते परमेश्वरच जाणतो. कर्माचा विचार स्वतःच्या दुःखाकडे पाहताना अनुताप उपजवितो. तोच दुसऱ्याच्या खाटेपाशी उच्चारला की निष्ठुरता होते. पारध्यांपुढून पळालेला ससा श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली आला, तेव्हा त्याला आधी अभय मिळाले; त्याचे पूर्वकर्म कोणी विचारले नाही. वेळेवर कूस न बदलल्याने पडलेला व्रण ही हिंसाच होय. शस्त्र हाती घेतले नाही, एवढ्याने ती टळत नाही.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. मोडला तो देह, म्हणजे प्रपंच. जीव मोडलेला नाही. म्हणून स्मरणाचा अधिकार अखंड आहे. मात्र निश्चलता म्हणजेच वैराग्य, असेही मानू नये. अटन स्थानाची आसक्ती तोडण्यासाठी आहे. खाटेला खिळलेल्याचे मन पूर्वीच्या अंगणात दिवसभर भटकू शकते. सक्तीचा एकांत म्हणजे विजन नव्हे. त्या एकांतात मन परमेश्वराकडे वळेल तेव्हाच त्याचे विजन होईल, आणि ते वळविण्याचे कष्ट चालत्या साधकापेक्षा अधिक आहेत.

भिक्षेचे मर्म मात्र अशा मनुष्यास विशेष उपयोगी आहे. भिक्षू दुसऱ्याच्या हातचे घेतो. त्यात लज्जा नाही आणि हक्काचा गर्वही नाही. दुसऱ्याच्या हातून स्नान, अन्न, शुद्धी स्वीकारणाऱ्याने ते याच भावाने घ्यावे. परंतु एक भेद विसरता येत नाही. भिक्षूला एका दारी नकार मिळाला तर तो पुढच्या दारी जातो. या मनुष्याला एकच दार आहे. त्यामुळे ‘वेळ झाली, कूस बदला’ असे त्याने पुन्हा पुन्हा सांगणे हा वैराग्याचा भंग नव्हे, आणि ते ऐकून कपाळाला आठी पडणे हा सेवकाचा दोष होय. सेवकही थकतो, म्हणून हा भार एकट्या मातेवर किंवा पत्नीवर न ठेवता मार्गातील सर्वांनी वाटून घ्यावा.

स्थानवंदनास येणाऱ्याची चाकांची खुर्ची पायऱ्यांपाशी अडत असेल, तर तेथे उतार बांधावा. त्यालाही ओट्यापर्यंत पोहोचू द्यावे. त्याला वाकता येणार नाही. त्याचा दंडवत मनानेच घडेल. तो उणा मानण्याचा अधिकार कोणासही नाही.