दुबार पेरणी



मृगात पेरले आणि पुढे वीस दिवस पाऊस फिरकलाच नाही, तर आपल्या बीड जिल्ह्यातला शेतकरी काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. चार दिवस तो आभाळाकडे पाहतो, मग उसनवारी करून बियाणे आणतो आणि दुबार पेरणीला लागतो. गावात त्याला कोणी नावे ठेवत नाही. पण त्याच घरातला मुलगा कॉलेजच्या पहिल्या सत्रात तीन विषयांत राहिला की घरात सुतक आल्यासारखे होते. असे का व्हावे? अभ्यासातले अपयश हा गुन्हा आहे काय?

याचे उत्तर घाईने देऊ नये. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा विज्ञान शाखेला जातो आणि एकाएकी सारे इंग्रजीतून सुरू होते. प्राध्यापक काय म्हणतात ते कळेपर्यंत दिवाळी येते. हा त्या मुलाचा दोष नाही. दुसरा मुलगा वसतिगृहात राहतो, उठवायला कोणी नाही, हजेरीची धास्ती नाही; सकाळचे तास झोपेत जातात आणि दुपार टपरीवर. हा मात्र दोष आहे. गुणपत्रिकेवर दोघांचे आकडे सारखेच दिसतात. म्हणून नापास झालेल्याने पहिल्यांदा स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला जमले नाही, की मी केले नाही? बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोडे थोडे खरे असते. किती कोणते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

दोन उदाहरणे पाहू. बाळ गंगाधर टिळक १८७२ साली मॅट्रिक झाले. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. प्रकृती सुधारायची असे त्यांनी ठरवलेच होते. अभ्यास मागे पडला आणि ते वर्ष हातचे गेले. पण त्यांनी त्याची सबब सांगितली नाही. नंतर नेटाने अभ्यास करून गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ साली वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाले. एम.ए.ची पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. गेलेले सगळेच परत मिळते असे नाही, हेही आपण या गोष्टीतून शिकावे.

दुसरे उदाहरण धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांचे. त्यांच्या बाबतीत आळसाचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत लहानपणीचे शिक्षण बुडाले, आणि वयाच्या विशीत लॅटिन शिकायला बसल्यावर ते डोक्यात शिरेना. सेमिनरीच्या परीक्षेत ते नापास झाले. तेव्हा एक्युली गावचे धर्मगुरू फादर बॅली त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी त्यांना स्वतः शिकवले आणि वरिष्ठांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. टिळकांना स्वतःची घडी बदलावी लागली. व्हियानींना दुसऱ्याचा हात धरावा लागला. आपल्याला यांपैकी कशाची गरज आहे, हे ओळखण्यात अर्धे यश असते.

आता खऱ्या अवघड गोष्टीकडे वळू. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की अनेक घरांना कुलपे लागतात. आई-वडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतूनच कधी कधी मुलाची फी भरलेली असते. निकाल लागतो तेव्हा ते फडावर असतात. रात्री कोपीतून फोन येतो, "बाळा, निकाल लागला का रे?" आणि मुलगा म्हणतो, "पास झालो." त्यांना दुःख होऊ नये म्हणून आपण खोटे बोललो असे तो स्वतःला समजावतो. पण त्या एका शब्दाने तो एकटा पडतो. नापास होणे ही अडचण होती. लपवणे हा अपराध झाला. शिवाय आता त्याला मदत मागता येत नाही, कारण मदत मागायची तर आधी खरे सांगावे लागते.

पालकांनीही स्वतःला विचारावे : खरे सांगितले तर ऐकून घेतील, असा विश्वास आम्ही मुलाला दिला आहे काय? "आम्ही कोयता चालवतो आणि तू..." हे वाक्य खरे असले तरी ते बोलण्याची ती वेळ नव्हे. मुलीच्या बाबतीत तर अधिकच जपावे. मुलगा नापास झाला की त्याला पुन्हा बसवतात. मुलगी नापास झाली की स्थळे पाहायला लागतात. हा न्याय नव्हे.

एकदा खरे बोलून झाले की पुढचे काम साधे आहे. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून कुठे चुकले ते पाहावे. ए.टी.के.टी.चे विषय शेवटच्या महिन्यावर न टाकता रोज एक तास द्यावा. प्राध्यापकांना वर्गाबाहेर भेटून शंका विचाराव्यात; लाज बाळगू नये. आणि शाखाच चुकली असेल तर ती बदलण्यात कमीपणा नाही. पाऊस लांबला तर शेतकरी मूग-उडदाचा हट्ट सोडून तूर-बाजरीचा विचार करतोच.

लूककृत शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसता वेळ मागत नाही. आपण भोवती खणू आणि खत घालू असा शब्दही देतो. नापास झालेल्या मुलाने हे लक्षात ठेवावे, आणि त्याच्या घराने त्याहून अधिक. एक वर्ष मिळणे ही कृपा आहे. खणणे आणि खत घालणे मात्र आपल्याकडे आहे.

यंदा आपल्या धर्मग्रामातील ज्या घरी असा निकाल आला असेल, तिथे आज मिस्सा झाल्यावर चहा ठेवा आणि शांतपणे बोलायला बसा. पेरणीचे दिवस अजून गेलेले नाहीत.