सत्कार कोणाचा?

भोपाळचे माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या कायद्याने स्थापन झाले. निकालासमवेत ते गुणवंतांची यादी प्रसिद्ध करीत आले आहे. बारावीत ७५ टक्के मिळविणाऱ्यांस राज्यशासनाने लॅपटॉपसाठी २५,००० रुपयेही दिले आहेत. गुणांचे कौतुक व्हावेच. परंतु आम्हांस प्रश्न पडतो : मागे पडलेल्या मुलाचे बोट धरून त्यास उत्तीर्णतेच्या ३३ टक्क्यांपर्यंत नेणारा शिक्षक कोणत्या यादीत बसतो? गुण उंची सांगतात, चढण सांगत नाहीत. देवळाचा कळस दुरून दिसतो खरा. तरी आत शिरताना आपण प्रथम पायरीस हात लावून तो कपाळी नेतो. विद्यामंदिराच्या दारी हा विवेक आपण का विसरावा?