संकल्पाचा धनी

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान जो संकल्प सोडतो, त्यात जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा उत्तर किंवा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी आणि स्वतःचे गोत्र व नाव एवढा तपशील उच्चारल्यावाचून आपण काय करणार आहोत हे सांगण्याची मुभा त्याला नसते. आणि ज्याला आपला देश, काळ व कूळ स्मरते त्यालाच भविष्याविषयी शब्द देण्याचा अधिकार आहे, असा गंभीर विचार या विधीत मला दिसतो. यंत्रे योजना आखू लागली असताना हा विचार नव्याने तपासला पाहिजे.

प्रथम स्मृतीचे पाहू. अमेरिकेत हार्टफर्ड येथे १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश दोन्ही बाजूंनी काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत नवी घटना त्याच्या ध्यानात अशी जवळजवळ राहिलीच नाही. तथापि ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवावयास दिली तेव्हा, हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला यत्किंचितही आठवत नसताना, त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. पुढे २००७ साली लंडनमध्ये डेमिस हॅसाबिस आणि त्याचे सहकारी यांनी हिप्पोकॅम्पसला इजा होऊन स्मृती गमावलेल्या रुग्णांना एखाद्या रम्य समुद्रकिनाऱ्याची कल्पना करावयास सांगितले, तर त्यांतील बहुतेकांच्या मनात तुटक तुकड्यांपलीकडे अखंड दृश्य उभे राहीना. भूतकाळाबरोबर त्यांचा भविष्यकाळही दुबळा झाला होता.

हाच हॅसाबिस २०१० साली डीपमाइंड या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि तिच्या अल्फागो या यंत्राने मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘गो’ या प्राचीन खेळात ली सेडोल या कोरियन महारथीला पाचांपैकी चार डावांत नमविले. मानवी खेळाडूंचे असंख्य डाव आणि स्वतःशीच खेळलेले त्याहूनही अधिक डाव यांतून या यंत्राची घडण झाली होती, व पुढच्या चालींच्या शाखोपशाखा धुंडाळून ते प्रत्येक चाल ठरवीत असे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, संस्कार म्हणजे अनुभवाचा मागे उरलेला ठसा आणि त्यापासून जागणारे स्मृतिरूप ज्ञान यांत जो भेद केला, तो येथे फार उपयोगी पडतो, कारण यंत्रात संस्कार विपुल आहेत, परंतु ‘हे मी अनुभविले’ अशी ओळख ज्याला पटावी असा कोणी त्यात असल्याचे दिसत नाही. आणि म्हणून हे यंत्र मोलेसनच्या मनापेक्षा त्याच्या सुधारत गेलेल्या हाताशी अधिक सदृश आहे असे मी मानतो. योजनेला स्मरणकर्ता लागतोच असे मात्र यापुढे म्हणता येणार नाही. हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

उरतो तो नियमनाचा, म्हणजे ध्येय कोण ठरवितो आणि जाब कोण देतो हा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जड तोच आहे. चौथ्या डावात विजयाचा संभव ठराविक मर्यादेखाली घसरताच अल्फागोने हार पत्करली, पण ती मर्यादा निर्मात्यांनी ठरविलेली होती, जिंकण्याचे ध्येयही त्यांचेच होते, आणि यंत्राकडे होता तो केवळ हुकमाचा अंमल. असा कारभार कितीही कुशल असला तरी तो बिघडला असता कैफियत त्या यंत्राकडे मागता येत नाही. ती त्याला ध्येय नेमून देणाऱ्या मुखत्यार माणसांकडेच मागावी लागते, आणि कर्जमंजुरीपासून नोकरीच्या निवडीपर्यंतचे निर्णय आज आपण यंत्रांच्या हवाली करीत असताना त्या माणसांना दृष्टीआड होऊ देणे हा मला धर्मदृष्ट्या अपराध वाटतो.

याउलट ली सेडोलने तिसऱ्या पराभवानंतर हा पराभव आपल्या एकट्याचा आहे, मानवजातीचा नव्हे, असे जाहीरपणे सांगून तो स्वतःच्या माथी घेतला होता. पुढे पांढऱ्या सोंगट्यांनी चौथा डाव जिंकल्यावर, पाचव्या डावात कोणता रंग कोणाकडे हे चिठ्ठीसारख्या योगायोगाने ठरावयाचे असताना, काळ्या बाजूने मिळविलेला विजय अधिक मोलाचा ठरेल असे म्हणून त्याने काळ्या सोंगट्या आपणहून मागून घेतल्या. प्रतिपक्षाने ते मान्य केले, आणि तो डाव तो हरला.