हजेरी कोणाच्या मस्टरवर?

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या मावशींनी कमरेच्या बटव्यातून चौघडी घातलेला एक कागद काढला. "मॅडम, एवढं बघा की जरा. काय काय कापलंय ते." मे महिन्याच्या पगाराची चिठ्ठी होती, सगळी इंग्रजीत. पीएफ, ईएसआय, आणि वरच्या कोपऱ्यात हजेरीचे दिवस: 11. सुट्टी लागली, वर्ग बंद झाले, तेव्हा ठेकेदाराने "आता येऊ नका" म्हणून सांगितलेलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा मेचा पगार झाला काय?" झाला होता, पुरता. तो महिना मी आजऱ्याला माहेरी काढला होता.

आमचं बेळगाव आता विद्यापीठांचं गाव झालं आहे. 1998 साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आलं, 2010 साली राणी चन्नम्मा विद्यापीठ. पगाराच्या विषमतेवर बोलताना लोक कुलगुरूंच्या दोन लाखांवरच्या वेतनाकडे बोट दाखवतात. माझी नजर दुसरीकडे जाते. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने सर्वांत खालचं मूळ वेतन 18,000 आणि सर्वांत वरचं 2,50,000 ठरवलं, म्हणजे जेमतेम चौदापट. हे अंतर योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, कारण दोन्ही आकडे एकाच तक्त्यात आहेत. मावशी त्या तक्त्यातच नाहीत. शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, काम ठेकेदाराकडे द्यायचं; मग झाडणारी बाई आपली कोणीच नसते. सगळा कॅम्पस तिला मावशी म्हणतो, आणि तिची हजेरी मात्र दुसऱ्याच्या मस्टरवर लागते. सुट्टीचा पगार, रजा, बढती हे शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मावशी मूळच्या निपाणीकडच्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, सासू घरी विड्या वळायची. म्हणून मला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. विडीच्या धंद्यात पान आणि तंबाखू ठेकेदार घरोघर द्यायचा, वळलेल्या विड्या मोजून घ्यायचा, खराब म्हणून काही बाजूला काढायचा, आणि मजुरीचा प्रश्न आला की कारखानदार हात झटकायचा: या बायका ठेकेदाराच्या, माझा त्यांच्याशी संबंध नाही. विडीवर लेबल त्याचं, नफा त्याचा, बाई तेवढी परकी. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने ही पळवाट अडवली. मधे ठेकेदार असला तरी ज्याच्यासाठी विडी वळली जाते तो मुख्य मालक, जबाबदारी त्याची, असं कायद्याने म्हटलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1974 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण निपाणीच्या बायका नुसत्या कायद्यावर विसंबून राहिल्या नाहीत. वखारींतल्या बायकांनी संघटना उभी केली. युगांतर या स्त्रियांच्या गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला, तो आजही पाहण्यासारखा आहे. विडी कारखानदाराच्या तोंडी जे वाक्य आपल्याला अन्यायाचं वाटलं, तेच वाक्य विद्येच्या घरात कारभाराची शिस्त म्हणून कसं चालतं, हे मला कळत नाही.

आणि पगार हा तत्त्वाचा प्रश्न आहे, हे शिक्षणसंस्थांना कधीकाळी ठाऊक होतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना 75 रुपयांवर शिकवत. सर्वांना सारखं मिळावं, बाहेरची कमाई कोणी करू नये, या आग्रहावरून वाद पेटला आणि 1890 साली टिळक बाहेर पडले. बेळगावात 1916 साली सात शिक्षकांनी केएलई ही संस्था उभी केली, तीही त्यागाच्याच बळावर. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी टिळकांचा वाद आजीव सदस्यांच्या आपापसांतल्या समानतेचा होता. वर्ग झाडणारा त्यात नव्हता. वरच्यांनी कमी घेतलं म्हणून खालच्याला आपोआप जास्त मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळं भांडावं लागतं, आणि ते आम्ही शिकवणाऱ्यांनी आजवर केलेलं नाही. आमच्या संघटनेच्या मागण्यांची यादी मी अनेकदा स्वतः टाइप केली आहे. महागाई भत्ता, वेतननिश्चिती, थकबाकी. मावशी त्यात एकदाही आल्या नाहीत.

यंदा त्या यादीत दोन कलमं वाढवली आहेत. संस्थेच्या वार्षिक अहवालात प्रमुखांच्या वेतनापासून ठेकेदाराच्या माणसांच्या हातात पडणाऱ्या रकमेपर्यंत सगळे आकडे एकाच पानावर छापावेत. आणि वसतिगृह बंद असो, वर्ग बंद असोत, मे महिन्याचा पगार सर्वांना पूर्ण मिळावा. पहिल्या कलमावर सह्या भराभर झाल्या. दुसऱ्यावर अजून सातच आहेत.